सनिंगडेल: ओल्ड खेळावा की न्यू?

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून लोकल पकडली की तासाभरात सनिंगडेल, आणि स्टेशनपासून तिथला गोल्फ क्लब चालत गाठता येतो. पाहुण्यांना मात्र आधी वेळ ठरवावी लागते, हँडिकॅपचा (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा; जितका कमी तितका खेळ चांगला) दाखला लागतो आणि फी खिशाला चांगलीच जाणवते. त्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला एकच राउंड (अठरा होलचा डाव) येतो, आणि कोर्स आहेत दोन: ओल्ड आणि न्यू.

ओल्ड विली पार्क ज्युनियरने आखला, १९०१ मध्ये सुरू झाला. तेव्हा इथे बहुतेक उघडा माळ होता; आज दिसतं ते पाइन-बर्चचं रान नंतर वाढलेलं. फोटो पाहून वाटतं, झाडंच चेंडू गिळणार. पण खरी शिक्षा देतं ते हेदर, घोट्याशी येणारं चिवट झुडूप. ऑगस्टमध्ये ते जांभळं फुलतं, दिसायला सुंदरच. त्यात चेंडू गेला तर लांब मारायचा हट्ट सोडावा, वेज (चेंडू उंच उचलणारी काठी) काढावा आणि मुकाट फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर यावं.

ओल्डची खरी मजा चढउतारांत आणि मोहात आहे. तिसरा, नववा आणि अकरावा हे पार-४ (चार फटक्यांत संपवायचे होल) इतके आखूड की लांब मारणाऱ्याचे हात शिवशिवतात, आणि तिथेच कार्ड बिघडतं. दहाव्याची टी (पहिला फटका मारायची जागा) उंचावर. अख्खा होल पायाशी पसरलेला दिसतो. तो संपला की हाफवे हट, म्हणजे मधल्या विसाव्याची टपरी; तिथलं सॉसेज सँडविच चुकवू नये. १९२६ मध्ये अमेरिकन गोल्फर बॉबी जोन्सने ब्रिटिश ओपन स्पर्धेच्या पात्रता फेरीत याच कोर्सवर ६६ मारले: पहिल्या नऊ होलवर ३३, पुढच्या नऊवर ३३, आणि एकूण ६६ पैकी ३३ फटके लांबचे, तर ३३ ‘पट’, म्हणजे ग्रीनवर (खळग्याभोवतीच्या बारीक हिरवळीवर) चेंडू ढकलणारे. अठराव्याच्या ग्रीनमागचा ओक तर क्लबचं बोधचिन्हच आहे.

न्यू १९२३ चा, हॅरी कोल्टचा. हे गृहस्थ आधी याच क्लबचे सेक्रेटरी होते. ओल्डमध्येही त्यांनी बरेच बदल केले. न्यूवर झाडांचा आडोसा कमी, माळ जास्त, म्हणून वाराही जास्त लागतो. पार-३ पाच आहेत (ओल्डवर चार), आणि मला विचाराल तर दोन्ही कोर्स मिळून सगळ्यात चांगले छोटे होल हेच. पाचव्याचं ग्रीन उंचवट्यावर बसलंय. चेंडू थोडा कमी पडला तरी चालत नाही. ओल्डसारखे हातचे बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) इथे फारसे मिळत नाहीत.

नुसती आखणी तोलायची तर माझं पारडं किंचित न्यूकडे झुकतं. तरी पहिल्यांदा जाणाऱ्याने, त्यातही पंधराच्या पुढे हँडिकॅप असेल तर, ओल्डच घ्यावा. हँडिकॅप एक आकडी आणि आयर्नवर (लोखंडी डोक्याच्या काठ्यांवर) भरवसा असेल तर न्यू. एकाच दिवशी दोन्ही जमत असतील तर न्यू सकाळी उरकावा, पाय ताजे असताना.