स्वस्त हॉटेलची ‘व्हीलचेअर रूम’: खुर्ची मावते, सोबतच्या माणसाचं काय?

साखळी हॉटेलांच्या स्वस्त श्रेणीत ‘व्हीलचेअर रूम’ म्हणून जी खोली मिळते, ती खुर्चीच्या मापाने बऱ्यापैकी आणि दोन माणसांच्या मापाने तोकडी असते. इमारत नवी असेल तर दार, लिफ्ट, बाथरूम यांचा मेळ बहुतेक वेळा बसतो. पण सोबत आलेल्याने झोपायचं कुठे, आधार देताना उभं राहायचं कुठे, आंघोळीला मदत करताना स्वतः किती भिजायचं, हे आराखडा काढणाऱ्याच्या डोक्यात आलेलं दिसत नाही. पाचपैकी तीन गुण. तेही फोनवर नीट चौकशी करून खोली घेतली तरच.

जुन्या वाड्यात किंवा बंगल्यात थाटलेल्या महागड्या हॉटेलपेक्षा ही स्वस्त खोली पुष्कळदा सोयीची ठरते. साखळी हॉटेलच्या खोल्या एकाच साच्यातल्या असतात, त्यामुळे दाराची रुंदी मजल्यागणिक बदलत नाही. शिवाय जमीन साधी, टणक असते. जाड गालिचा दिसायला छान, पण त्यात पुढची छोटी चाकं रुततात आणि खुर्ची स्वतः ढकलणाऱ्याचे खांदे भरून येतात.

निळ्या पाटीवरच्या व्हीलचेअरच्या चिन्हावर भिस्त ठेवू नये. हे चिन्ह १९६८ साली सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने रेखाटलं. ते जगभर पोचलं, पण पाटीमागे नेमकं काय आहे याची हमी त्याबरोबर पोचली नाही. बुकिंगच्या संकेतस्थळावर ‘व्हीलचेअरसाठी योग्य’ लिहिलेलं असतं, तेव्हा त्याचा अर्थ कधी ‘लिफ्ट आहे’ एवढाच निघतो. म्हणून ‘तुमच्याकडे व्हीलचेअर चालते का?’ हा प्रश्न फुकटचा. त्याला सगळीकडे ‘हो’च येतं. विचारायचं ते असं: बाथरूमचं दार पूर्ण उघडल्यावर मधे मोकळी जागा किती सेंटिमीटर? चौकटीवर टेप धरून फोटो पाठवाल का? जे हॉटेल हा फोटो विनातक्रार पाठवतं, तिथे पुढचंही बरंच सुरळीत होतं.

हे माप नीट घेतलं जात नाही, घोळ तिथेच होतो. चौकट ८० सेंटिमीटरची असली तरी दाराची जाडी आणि चौकटीची पट्टी धरून हातात ७४-७५ उरतात. मोजायचं ते काटकोनात उघडलेल्या दाराच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीपर्यंत. खुर्चीचंही सीटचं माप उपयोगाचं नाही. हाताने फिरवायच्या बाहेरच्या कड्यांचं या टोकापासून त्या टोकापर्यंत माप घ्यावं. साधी खुर्ची ६१ ते ६६ सेंटिमीटर भरते. आंतरराष्ट्रीय मानकात कमाल रुंदी ७० आणि लांबी १२० धरली आहे. त्यात दोन्ही बाजूंना बोटांसाठी थोडी जागा मिळवा. समोरून सरळ जायचं असेल तर ७५ मध्येही निभावतं. अरुंद बोळातून वळून आत शिरायचं असेल तर ८०सुद्धा अपुरे पडतात, कारण खुर्ची तिरकी झाली की ती रुंदीच्या नाही, लांबीच्या हिशेबाने अडते. तेव्हा फुटरेस्ट काढून ठेवले की वळण सुटतं. तीन-चार सेंटिमीटरसाठीच अडलं असेल तर बिजागऱ्यांच्या खिळ्या काढून बाथरूमचं दार उतरवून देता येईल का, हे हॉटेलच्या देखभालीच्या माणसाला विचारावं. कामाला फार वेळ लागत नाही. आडोशाला पडदा पुरतो.

प्रवेशाशी उताराचं प्रमाण १:१२ हवं, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला निदान १८० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प. ‘आमच्याकडे रॅम्प आहे’ म्हणून कोपऱ्यातून जी फळी काढली जाते, ती बहुधा सामानाच्या ट्रॉलीसाठी असते आणि माणसासाठी फार उभी पडते. अशा उतारावरून खाली येताना खुर्ची उलटी फिरवून न्यावी. सोबतच्या माणसाने खालच्या बाजूला राहून तिला आपल्या अंगाने अडवत पावलापावलाने मागे यावं. एकच पायरी चढवायची असेल तर खुर्ची मागे कलंडू नये म्हणून लावलेल्या छोट्या चाकांच्या दांड्या आधी वर फिरवाव्यात. त्या खाली राहिल्या की खुर्ची पाहिजे तेवढी कलत नाही आणि सगळा भार ढकलणाऱ्याच्या कमरेवर येतो.

लिफ्टच्या बाबतीत मानकंच गंमत करतात. १०० बाय १२५-१३० सेंटिमीटरची लिफ्ट ‘व्हीलचेअरयोग्य’ मानली जाते, पण ती फक्त खुर्चीवरच्या माणसापुरती. खुर्ची आणि सोबतचा माणूस मिळून ११० बाय १४० लागतात. लहान लिफ्टमध्ये सोबत्याला जिन्याने पळत जाऊन वर दार उघडण्याआधी पोचावं लागतं. ज्याला बटण दाबणं जमत नाही, त्याच्यासाठी अशी लिफ्ट असून नसल्यासारखी.

खोलीत शिरताना आणखी एक अडथळा भेटतो, त्याची चौकशी सहसा कुणी करत नाही: आपोआप मिटणारं जड दार. आगीपासून बचावासाठी ते तसंच असावं लागतं, पण खुर्चीवर बसून एका हाताने ते धरून ठेवणं आणि दुसऱ्याने चाक फिरवणं जमत नाही. सोबतच्या माणसाने पाठीने दार अडवायचं आणि खुर्ची पुढे जाऊ द्यायची. सामान आत घेईपर्यंत रबरी पाचर लावली तर हरकत नाही. नंतर मात्र ती न विसरता काढायची.

पलंगाची उंची खुर्चीच्या गादीशी जुळायला हवी, म्हणजे साधारण ४८ ते ५२ सेंटिमीटर. स्वस्त हॉटेलांत पलंग एकतर फार बुटका असतो, नाहीतर खोक्यावर दोन गाद्या चढवून फार उंच केलेला. खुर्चीतून पलंगावर सरकताना चार-पाच सेंटिमीटरचा फरक चालून जातो, दहाचा फरक म्हणजे प्रत्येक वेळी उचलणं. गादीची कड मऊ असेल तर टेपवर बरोबर दिसणारी उंची बसल्यावर खचते आणि माणूस खाली घसरतो. गादीची कड मुठीने दाबून पाहिली की हे लगेच कळतं. पलंगाखाली बंद खोका असेल तर खुर्चीचे फुटरेस्ट त्याला टेकतात आणि खुर्ची पुरेशी जवळ लागत नाही. माणसाला उचलून ठेवण्याचं यंत्र वापरणाऱ्यांनी अशा पलंगाच्या वाटेला जाऊच नये. यंत्राचे पाय आत सरकायला खाली पंधराएक सेंटिमीटर मोकळे लागतात.

पलंगाच्या कुठल्या बाजूला जागा आहे, हेही पाहायचं. एका बाजूचा अर्धांगवायू असेल तर माणूस चांगल्या बाजूने सरकतो. मोकळी जागा नेमकी दुसऱ्या बाजूला असली तर दीड मीटरचा ऐसपैस पट्टाही वाया. पलंग सरकवून देऊ, असं रिसेप्शनवरून सांगतात. डोक्याकडची फळी भिंतीला ठोकलेली असली तर ते आश्वासन हवेतच राहतं.

आता सोबतच्या माणसाची झोप. या खोल्यांत बहुधा एकच मोठा पलंग असतो. रात्रीतून अनेकदा कूस बदलून द्यावी लागत असेल तर दोन स्वतंत्र पलंग हवेत, नाहीतर दोघांचीही झोप होत नाही. त्यावर हॉटेलचं उत्तर असतं सोफा-कम-बेड. तो उघडला की खुर्ची वळवायला जी दीड मीटर व्यासाची मोकळी जागा दाखवलेली असते, ती संपते. रात्री बाथरूमला जायचं तर आधी सोबत्याने उठायचं, सोफा मिटायचा, मग खुर्ची हलणार. हा या खोलीतला सगळ्यात मोठा दोष. म्हणून मोकळी जागा विचारताना ‘सोफा उघडल्यावर किती उरते?’ असंच विचारावं. दार जोडलेली शेजारची खोली मिळत असेल तर ती घ्यावी.

बाथरूममध्ये पाणी अडवायला उंबरा नसणं ही चांगली गोष्ट, पण फरशीला उतार नीट नसेल तर पाणी खोलीत येतं. दारापाशी जाड टॉवेलची गुंडाळी ठेवावी लागते. भिंतीतली दुमडणारी बैठक ४३ ते ४८ सेंटिमीटर उंचीवर आणि नळ, हँडशॉवर तिथून हात पोचेल असे हवेत. ते समोरच्या भिंतीवर असले की सोबतचा माणूस कपड्यांसकट नाहतो. बैठक नसेल तर ‘स्टूल देतो’ म्हणतात. पाठ आणि हात नसलेलं प्लॅस्टिकचं स्टूल ओल्या फरशीवर सरकतं, ते घेऊ नये. पाठीची, रबरी बुडाच्या पायांची खुर्ची मागावी आणि ती किती किलोंपर्यंत चालते हे तिच्यावरच्या चिठ्ठीत वाचावं. टॉवेल टांगायचा दांडा म्हणजे आधाराचा दांडा नव्हे. रबरी चोषकाने चिकटणारे आधार टाइलच्या सांध्यावर किंवा खडबडीत टाइलवर अचानक सुटतात. अंगाचा भार त्यांच्यावर टाकायचा नाही.

वॉश बेसिनखाली कपाट असेल तर गुडघे आत जात नाहीत. कपाट नसेल तर गरम पाण्याचा उघडा पाइप पाहावा. पायांना संवेदना नसलेल्या माणसाला तो टेकून भाजतो आणि कळतही नाही. पाण्याचंही तेच. कोणी शेजारी नळ सोडला-बंद केला की गरम-गार एकदम बदलतं, म्हणून धार आधी सोबत्याच्या कोपरावर, मग पायांवर. ओढून मदत बोलवायची लाल दोरी सफाईवाले गुंडाळून वर अडकवून ठेवतात. खोलीत गेल्या गेल्या ती सोडून जमिनीजवळ येऊ द्यावी, कारण पडलेल्या माणसाचा हात तिथेच पोचतो. बाथरूमचं दार आत उघडणारं असेल तर पडलेला माणूसच दार अडवून बसतो. अशी खोली शक्यतो टाळावी.

विजेवरची खुर्ची असेल तर खोलीचं कार्ड खाचेतून काढलं की सॉकेट बंद होतात आणि चार्जिंग मधेच थांबतं. फ्रीजचा सॉकेट बहुधा चालू राहतो. एक्स्टेन्शन सोबत असावी.

संकेतस्थळावर मागणी नोंदवली म्हणजे खोली राखून ठेवली असं होत नाही. हॉटेलला थेट फोन करून खोली क्रमांक लेखी मागावा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा खात्री करावी. शक्य तितका खालचा मजला घ्यावा. आगीच्या वेळी लिफ्ट वापरता येत नाही. तेव्हा खुर्चीवरच्या माणसाला जिन्याने खाली कोण नेणार आणि रात्रपाळीच्या माणसाकडे या खोलीचा क्रमांक लिहिलेला आहे का, हे किल्ली हातात घेतानाच विचारायचं. दिवसपाळीवाल्याने दिलेलं उत्तर रात्री दहानंतर रिसेप्शनवर बसणाऱ्यालाही विचारून पाहावं.