कॅलस की फिशर-डिसकाऊ?

ऑपेरा, म्हणजे गाण्यातून रंगणारं पाश्चात्त्य नाटक, म्हटलं की गायिका मारिया कॅलस. माइकशिवाय, अख्ख्या वाद्यवृंदावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा, वर वेशभूषा आणि अभिनय. किंमतही तशीच: 1965 मध्ये लंडनला ‘तोस्का’ हा ऑपेरा गाऊन ऑपेराच्या रंगमंचावरून ती कायमची उतरली, तेव्हा वय जेमतेम 41.

जर्मन गायक डीट्रिश फिशर-डिसकाऊ ऑपेराही गायचा, पण त्याचं खरं घर मैफलीत. सोबत एक पियानो, समोर संगीतकार शूबर्टच्या ‘विंटररायझे’ या मालेतली 24 गाणी, आणि एकेका जर्मन शब्दाला वेगळा रंग. आपल्याकडे संगीत नाटक आणि मैफल यांत असतो, साधारण तसाच फरक. तो 1992 च्या अखेरपर्यंत गात राहिला.

शिकवताना? कॅलसने 1971-72 मध्ये न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या संगीतशाळेत वर्ग घेतले. त्यांची ध्वनिमुद्रणं ऐकाच. विद्यार्थ्याला मध्येच थांबवते, शब्द नीट म्हणायला लावते, मग थकलेल्या आवाजात स्वतःच ती ओळ गाते. आणि शिकणाऱ्याचं गाणं क्षणात फिकं वाटतं. फिशर-डिसकाऊने बर्लिनमध्ये शिकवलं. गायक मथियास गेर्ने त्याचाच शिष्य.

ऐकायला मला कॅलस. शिकायला मात्र माझा गळा मी फिशर-डिसकाऊच्याच हवाली केला असता.