घरासाठी घेतलेली १२ बोअरची पंप शॉटगन : नऊ महिन्यांनंतर

बंदूक घेताना नळीचा विचार मी महिनाभर केला आणि दस्त्याचा, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या भागाचा, चार मिनिटंही केला नाही. नऊ महिने झाले, ६०० च्या आसपास काडतुसं झाडून झाली, आणि आता सांगेन ते नेमकं उलटं. घरात ठेवायच्या शॉटगनमध्ये सगळ्यात आधी दस्त्याची लांबी बघा. तीही स्वतःच्या खांद्याला लावून बघू नका, घरात बंदूक हाताळू शकणारं सगळ्यात लहान चणीचं माणूस जे असेल त्याच्या खांद्याला लावून बघा.

आमच्याकडे आहे ती १२ बोअरची पंप, साडेअठरा इंची नळी, नळीखालच्या मॅगझिनमध्ये ५ काडतुसं, रिकामी असताना वजन ३ किलोच्या थोडं वर. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढचं सगळं या घडणीच्या जवळपास प्रत्येक बंदुकीला लागू पडतं. पंप घेण्याचं कारण साधं होतं. हलकं काडतूस असो की जोरकस, पंप, म्हणजे नळीखालची पुढेमागे सरकणारी मूठ, हाताने चालतो, त्यामुळे काडतुसाच्या ताकदीवर काही अवलंबून राहत नाही. रेमिंग्टन ८७० आणि मॉसबर्ग ५०० या दोन घराण्यांत निवड करताना अनेक जण अडकतात. दोन्ही कित्येक दशकं वापरात आहेत आणि दोन्ही चांगल्या आहेत. हाताला जाणवणारा फरक सेफ्टीचा. ८७० ची सेफ्टी चापाच्या मागे आडवी, ५०० ची वर, अंगठ्याखाली. माझी बायको डावखुरी आहे. त्यामुळे वरच्या सेफ्टीची बंदूक घेतली, आणि तो निर्णय आजही पटतो.

दस्त्याची गोष्ट पहिल्याच दिवशी रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, कळली. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी बहुतेक नव्या शॉटगनना १४ इंचांच्या आसपास असते. माझी उंची १७८ सेंटिमीटर, मला ती चालून गेली. बायको १५२ सेंटिमीटर. तिने बंदूक खांद्याला लावली तेव्हा पुढचा हात जवळजवळ सरळ झाला आणि वजन पेलायला ती कमरेतून मागे झुकली. पहिल्या बाराला तिचा एक पाय उचलला गेला. दुसऱ्या वेळी पंप मागे आला, पण पुढे पूर्ण गेला नाही. काडतुसामागचा बोल्ट बंद झाला नाही, चाप ओढला तरी बार झाला नाही. तिसऱ्या वेळी पंप पुरेसा मागेच आला नाही, त्यामुळे झाडलेलं काडतूस बाहेर पडलं नाही. ती शांतपणे म्हणाली, "अरे, ही मला लांब पडतेय." मी तिला अजून जोर लावायला सांगत राहिलो. त्या दिवशी चूक माझी होती. चुकीच्या मापाचा दस्ता कोणी जोर लावून बरोबर करू शकत नाही.

महिनाभराने साडेबारा इंची दस्ता बसवून घेतला. मला तो तोकडा वाटेल अशी भीती होती. दोन सत्रांत सवय झाली. उंच माणूस आखूड दस्त्याशी जुळवून घेतो, बुटक्या माणसाला लांब दस्त्याशी जुळवून घेता येत नाही. म्हणून एकच बंदूक दोघांनी वापरायची असेल तर माप नेहमी लहान माणसाचं.

दुसरा बदल काडतुसांत केला. १२ बोअरच्या नेहमीच्या मोठ्या छर्‍यांच्या काडतुसात, म्हणजे डबल झिरो बकशॉटमध्ये, साधारण साडेआठ मिलिमीटर व्यासाचे ९ छर्रे असतात. पूर्ण ताकदीचं काडतूस त्यांना सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास वेगाने सोडतं. कमी धक्क्याच्या काडतुसात तोच वेग साडेतीनशेच्या आसपास येतो. घरातल्या अंतरावर परिणामात फरक पडत नाही, खांद्याला मात्र प्रचंड पडतो. पूर्ण ताकदीची २५ झाडल्यावर बायको थांबायची. कमी धक्क्याची ५० झाडून ती अजून एक डबा मागते. शिकवणाऱ्याने एक गोष्ट दाखवली ती इथे सांगायलाच हवी : पुढच्या हाताने पंप पुढे ढकलून धरायचा आणि मागच्या हाताने दस्ता खांद्यात ओढायचा. बंदूक दोन हातांमध्ये ताणली गेली की धक्क्याचा बराच भाग हातांतच जिरतो. हे कळल्यावर तिच्या खांद्यावर वळ उठणं बंद झालं.

आज पहिल्यापासून सुरुवात केली तर २० बोअर घेतली असती का? बहुधा हो. बोअरचा आकडा जितका मोठा तितकी नळी अरुंद, कारण हा आकडा एका पौंड शिशातून नळीच्या मापाच्या किती गोळ्या होतात यावरून आलेला आहे. १२ ची नळी साडेअठरा मिलिमीटर, २० ची साडेपंधरा. २० बोअरच्या बंदुका सहसा हलक्या आणि सुटसुटीत असतात, आणि ३ नंबरच्या बकशॉटचे २० छर्रे घराच्या कामाला कमी नाहीत. १२ चं खरं बलस्थान म्हणजे काडतुसांची विविधता. कमी धक्क्याचं बकशॉट १२ मध्ये सहज मिळतं, २० मध्ये पर्याय थोडे. त्याच एका कारणासाठी मी अजून बदललेली नाही.

आता छर्रे किती पसरतात याबद्दल. "शॉटगनला नेम धरावा लागत नाही, नुसती दिशा दाखवली की झालं" हे मी अनेकांकडून ऐकलं होतं आणि अर्धवट खरंही मानलं होतं. मग टेपने घर मोजलं. झोपायच्या खोलीच्या दारापासून बोळाच्या टोकापर्यंत ७ मीटर, त्याहून लांब अंतर घरात कुठेच नाही. रेंजवर ३, ५ आणि ७ मीटरवर कागद लावले. ३ मीटरवर नवाच्या नव छर्‍यांचं मिळून एकच फाटकं भोक, अंड्याएवढं. ५ मीटरवर मुठीएवढं. ७ मीटरवर तळहातात मावेल इतकं. फेडरलचं फ्लाइटकंट्रोल वॅडचं काडतूस वापरलं तर ७ मीटरवरही अंड्याएवढंच राहतं, कारण छर्‍यांना धरून ठेवणारा त्याचा प्लास्टिकचा कप मागच्या पंखांनी हळूहळू वेग गमावतो आणि छर्रे एकत्र पुढे निघतात. थोडक्यात, घरातल्या अंतरावर शॉटगनचा नेम रायफलइतकाच चुकू शकतो. आणि चुकलेले ९ छर्रे कुठेतरी जातातच.

ते कुठे जातील हा प्रश्न मला उशिरा पडला, त्याची खंत आहे.

चौथ्या महिन्यात एका रात्री आम्ही सराव करायचं ठरवलं. मुलगी आजीकडे होती. काडतुसं सगळी दुसऱ्या खोलीत कुलपात, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) आणि मॅगझिन दोघांनी डोळ्यांनी पाहून आणि बोट घालून तपासलेलं, घरात अंधार. मी झोपायच्या खोलीच्या दारात उभा राहिलो आणि बोळाकडे तोंड केलं. बायको मागून म्हणाली, "समोरच्या भिंतीपलीकडे काय आहे?" समोरच्या भिंतीपलीकडे मुलीचा पलंग होता. भिंत जिप्सम बोर्डाची. असे बोर्ड बकशॉटला अडवत नाहीत, एकामागून एक दोन-तीन भिंती छर्रे सहज पार करतात. बारीक छर्‍यांचं, पक्ष्यांच्या शिकारीचं काडतूस भिंतीत कमी शिरतं खरं, पण तेच माणसालाही खात्रीने थांबवत नाही, त्यामुळे तो तोडगा मला पटत नाही. तोडगा जागेचा निघाला.

त्या रात्री आम्ही दोन तास वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभे राहून पाहिलं. अखेर पलंगाच्या पलीकडचा कोपरा सापडला, जिथून दाराकडे रोखलं तर मागे बाहेरची विटांची भिंत येते. मुलीचा पलंगही दुसऱ्या बाजूला सरकवला. आता ठरलेलं असं : आवाज आला तर एकाने मुलीला आमच्या खोलीत आणायचं, दार लावायचं, त्या कोपऱ्यात थांबायचं, दुसऱ्याने फोन लावायचा. बंदूक घेऊन घर धुंडाळायला कोणीही जायचं नाही. तुम्ही अजून बंदूक घेतली नसेल तर आधी हे करा. हातात झाडू घेऊन केलं तरी चालेल. किती लांब नळी चालेल, टॉर्च कुठे हवा, कोणतं काडतूस घ्यायचं, निम्मी उत्तरं तिथेच मिळतात.

टॉर्चचं त्याच रात्री समजलं. मी तो पंपावर बसवून घेतला होता. पण बंदुकीवरच्या टॉर्चने काही बघायचं म्हणजे त्याच्यावर बंदूक रोखायची. समोर आपलंच माणूस असेल तर? आता हातातला वेगळा टॉर्च तिजोरीत बंदुकीशेजारी असतो. पंपावरचाही ठेवला आहे, त्याचा उपयोग कोपऱ्यात थांबल्यावर.

बंदूक कुलपात असते, चार बटणांच्या तिजोरीत, आणि चेंबर रिकामं. नऊ वर्षांचं मूल असलेल्या घरात याला पर्याय नाही. आणखी एक कारण आहे, जे फार कमी लोक सांगतात. बहुतेक पंप शॉटगनची सेफ्टी फक्त चाप अडवते. चेंबरमध्ये काडतूस असताना बंदूक जोरात आपटली तर सेफ्टी लावलेली असूनही बार होऊ शकतो. म्हणून मॅगझिन भरलेलं, चेंबर रिकामं, आणि रिकाम्या चेंबरवर चाप ओढून घोडा, म्हणजे आतला हातोडा, उतरवलेला. घोडा चढलेला राहिला तर पंप अडकतो, तो सोडवायला बाजूची कळ दाबावी लागते. अंधारात बायकोला ती कळ सापडेना, तेव्हा हे लक्षात आलं.

पंपाचा खटका ऐकून चोर पळतो असं म्हणतात. पळत असेलही. मी त्यावर माझ्या मुलीचा जीव टांगणार नाही, आणि तो आवाज आपण कुठे आहोत तेही सांगतो.

बाजूला ६ काडतुसं अडकवायचा धातूचा होल्डर घेतला, तो वाया गेला. स्क्रू थोडे जास्त आवळले आणि पंप जड चालू लागला, कारण रिसीव्हरच्या, म्हणजे बंदुकीच्या मधल्या धातूच्या पेटीच्या, भिंती आत दाबल्या गेल्या. सैल केले तर होल्डर हलायचा. शिवाय भरल्यावर पाव किलोहून जास्त वजन एका बाजूला. तो काढून वेल्क्रोवरची इलॅस्टिकची पट्टी लावली. हलकी आहे, काडतुसं संपली की उपटून दुसरी लावता येते.

कानांचं मनावर घ्या. शॉटगनचा बार १५० डेसिबलच्या वर जातो, बंद खोलीत तो चारी भिंतींवरून परत येतो, आणि १४० च्या पुढचा एक आवाजही कानाला कायमची इजा करू शकतो. इलेक्ट्रॉनिक कानबंद तिजोरीतच ठेवले आहेत. ते मोठा आवाज दाबतात, बारीक आवाज उलट वाढवून ऐकवतात. सरावात ते घातल्यावर मला जिन्यातलं पाऊल आधीपेक्षा स्पष्ट ऐकू आलं.

देखभाल फारशी नाही. रेंजवरून आलं की नळी पुसायची, तेलाचं पातळ बोट फिरवायचं, तिजोरीत सिलिका जेल. मॅगझिनमधली काडतुसं मात्र बदलत राहा. आठ महिने स्प्रिंगच्या दाबाखाली राहिलेल्यांपैकी एकाचं प्लास्टिकचं टोक किंचित फुगलं होतं. ते चेंबरमध्ये गेलं, पण अडखळत. आता दर तीन महिन्यांनी जुनी रेंजवर झाडतो आणि नवी भरतो.

सेमी-ऑटोबद्दल, म्हणजे बार झाल्यावर पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या बंदुकीबद्दल, विचारणाऱ्यांसाठी : मित्राची गॅसवर चालणारी बेरेटा १३०१ बायकोने दोनदा वापरली. धक्का खूपच मऊ, आणि पंप ओढायचा प्रश्नच नाही, म्हणजे एक हात मुलीला धरण्यात अडकला तरी दुसरा बार होऊ शकतो. हा शेवटचा मुद्दा माझ्या डोक्यातून जात नाही. किंमत जास्त आहे, आणि हलक्या काडतुसांवर चालते का हे आपल्या काडतुसांनीच तपासून घ्यावं लागतं. पुढच्या महिन्यात आम्ही २० बोअरची एक सेमी-ऑटो रेंजवर भाड्याने घेऊन बघणार आहोत. दस्ता तिच्या मापाचा मिळतोय याची चौकशी या वेळी आधी केली आहे, आणि ती बायकोने स्वतः केली आहे.