मंदीत घेतलेली इंग्लिश विलो बॅट: एक सीझन खेळून झाल्यावर आणि स्टिकर निघाल्यावर

एप्रिलच्या मध्यात बॅटचा मागचा स्टिकर सुटला. सोलापूरचं ऊन, गाडीची तापलेली डिकी, डिंक धरून धरून किती धरणार! कोपरा उचलला होता, ओढला तर अख्खी पट्टी हातात आली. खाली स्पाइनच्या (बॅटच्या पाठीवरच्या उंचवट्याच्या) डावीकडे तपकिरी डागांची जोडी, बॅटवाले जिला बटरफ्लाय म्हणतात ती. एजवर, म्हणजे बॅटच्या कडेवर, आणखी एक चिंचोळी पट्टी होती. मला वाटायचं शोभेची असेल. तीही सोलली. डाग थेट तिथपर्यंत आलेला.

बॅट ग्रेड टू, म्हणजे दुसऱ्या प्रतीच्या लाकडाची, म्हणून घेतलेली. ग्रेन (लाकडातल्या रेषा), प्रोफाइल (आकार), स्वीट स्पॉट (जिथे चेंडू सगळ्यात चांगला लागतो ती जागा) कुठं, हे कंपनीच्या पानावर आहे, ते परत लिहीत नाही. माझा राग किमतीचा आहे, म्हणून किमतीबद्दलच लिहितो.

गेल्या दिवाळीत घेतली. मुहूर्त मुद्दाम तो धरला, कारण तेव्हा गावात पैसा फिरत नव्हता. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं आणि आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या ऑर्डरी अडकल्या. मी एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. मंदी मला पेपरातून कळत नाही, वसुलीच्या फोनवरून कळते. त्यामुळे माझा हिशेब सरळ होता: हाताने घडवलेली, महाग, नसली तरी घर अडत नाही अशी वस्तू मंदीत सगळ्यात आधी पडणार. आपण तेव्हाच उचलायची.

दुकानात बॅटवर छापील किंमत १६,८०० रुपये होती. तिच्यावर नव्या किमतीचा स्टिकर होता १५,७५० चा. (या बॅटच्या नशिबात स्टिकरच फार.) दुकानदार म्हणाला, "मालक, हजार रुपये तर आल्या आल्याच कमी केले बघा." मी म्हटलं, ते तुम्ही नाही, सरकारने केले. २२ सप्टेंबरपासून बॅटवरचा जीएसटी १२ चा ५ झाला. मूळ किंमत १५,०००, त्यावर ५ टक्के धरले की १५,७५० च होतात. घासाघीस करून १३,५०० ला सौदा ठरला. म्हणजे मंदीची खरी सूट सव्वादोन हजार. तीही दुकानदाराने स्वतःच्या मार्जिनमधून दिली, कारण दोन दिवाळ्यांचा माल त्याच्या रॅकवर उभा होता आणि त्याचं व्याज त्याला पडत होतं. कंपनीने एक रुपया उतरवलेला नव्हता. "कंपनी उलट भाव वाढवायली. पौंड कुठं गेलाय बघा की, मी कमी कुठनं करू?" असं तो म्हणाला तेव्हा मला ती दुकानदारी वाटली.

घरी येऊन बघितलं, तर तो खरं बोलत होता. इंग्लिश विलोचं झाड इंग्लंडमध्ये वाढतं, एसेक्स-सफकच्या ओल्या जमिनीत, तोडायला यायला पंधरा-वीस वर्षं घेतं. त्याचे चिरलेले तुकडे, म्हणजे क्लेफ्ट, पौंडात विकत घेऊन मेरठ-जालंधरला येतात आणि तिथे रंधा, प्रेस, हँडल बसवणं हे सगळं होतं. म्हणून मंदी नेमकी कुणाकडे आली, यावर सगळं अवलंबून. २००८ ला घर इंग्लंडचं जळत होतं. पौंड ८० रुपयांच्या आसपास होता तो २००९ च्या सुरुवातीला ७० च्या घरात आला. २०१६ ला ब्रेक्झिटच्या मतदानानंतर शंभरीला टेकलेला पौंड काही महिन्यांत ८५ च्या खाली घसरला. लाकूड घ्यायचं असेल तर ते दिवस. आता मार आपल्या गिऱ्हाइकाला बसलाय आणि पौंड ११५ च्या वर. गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा, लाकूड मात्र महाग.

मग कंपनी काय करणार? कारागिराची मजुरी कापता येत नाही. नगावर काम करणारा माणूस, हात बसायला वर्षं गेलेली. भाव पाडला तर उद्या दुसऱ्या कामाला जातो आणि परत येत नाही. छापील किंमतही खाली आणता येत नाही, एकदा आणली की पुढच्या सीझनला वर नेताना बोंब होते. उरतं लाकूड. आमच्या धंद्यात हेच चालतं: टॉवेलचा भाव तोच ठेवून जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागे कापडाचं वजन, हळूच कमी करायचा, हातात घेतल्याशिवाय कळत नाही. बॅटला जीएसएम नसतो, ग्रेड असते, आणि ग्रेड ठरवणारा कुणी सरकारी माणूस नाही. ज्याचा स्टिकर त्याची ग्रेड. डाग असलेला तुकडा चांगल्या दिवसांत ग्रेड थ्री म्हणून गेला असता, तो माझ्याकडे टू म्हणून आला.

डागाचे फोटो काढून दुकानदाराला दाखवले. तो म्हणाला, कंपनीशी बोला. कंपनीला व्हॉट्सॲप केला. उत्तर आलं की लाकूड नैसर्गिक आहे, डाग हा दोष धरत नाही, आणि स्टिकर स्वतः काढल्यास तक्रार घेतली जात नाही. स्टिकर मी काढला नाही, उन्हाने काढला, हे लिहिलं. त्यावर दोन निळ्या टिका. तेवढ्यावरच हा रिव्ह्यू एका स्टारचा लिहायला घेतला होता.

टो, म्हणजे बॅटचं खालचं टोक, जरा फुगला होता म्हणून मध्ये बॅट दुरुस्तीवाल्याकडे गेलो, आणि तिथे माझं मत निम्मं फिरलं. त्याने बॅट उलटी धरून अंगठ्याच्या नखाने डागावर टोकलं, मग लाकडी हातोडीने फेसवर (पुढच्या बाजूवर) वरून खाली टक्-टक् करत आला आणि स्वीट स्पॉटपाशी थांबून परत दोनदा मारली. "सर, डागाला काय बघताय, आवाज ऐका." त्याचं म्हणणं, ग्रेड ही दिसण्याची असते: ग्रेन सरळ किती, लाकूड पांढरं किती, गाठ आहे की नाही. बटरफ्लाय दिसायला वाईट, पण त्याने मार कमी होत नाही, उलट असं लाकूड टिकतं असा त्याचा अनुभव. हे मी आधी वाचलंही होतं, पण कंपनीच्या तोंडून ते निमित्त वाटलं असतं.

आणि खेळताना खरंच तक्रार नाही. नॉकिंग, म्हणजे नवी बॅट हातोडीने ठोकून तयार करणं, मन लावून केलं होतं, जवसाचं कच्चं तेल हलक्या हाताने लावलं (आईला बाटली स्वयंपाकघरातून का गेली ते अजून सांगितलेलं नाही). हिवाळ्यात बॅट जरा बंद वाटायची. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उठली आणि हवा कोरडी व्हायला लागली तसा तिचा आवाज खुलला. ड्राइव्हला हातात झिणझिण्या नाहीत. कारखान्यातल्या काट्यावर वजन केलं तर घेतली तेव्हापेक्षा वीसेक ग्रॅम कमी भरलं. इथल्या उन्हात लाकूड सुकतंच, म्हणून मे महिन्यात तेलाचा एक हात चुकवू नका, नाहीतर टोच्या बाजूने तडा जातो.

तरी हिशेब हिशेब आहे. मार तोच मिळतो म्हणून डागाचे पैसे लावू नयेत, असं नाही. सोन्यासारखा आवाज देणारी बॅट ग्रेड थ्रीच्या भावात, अकरा हजारांत, डाग दाखवून विकली असती तर मी दुकानदाराचा चहा पाजून आभार मानला असता. लपवून १३,५०० घेतले, म्हणून एक स्टार कापतोय. बॅटला चार, स्टिकरला शून्य.

दुरुस्तीवाल्याने अजून एक गोष्ट सांगितली. त्याच्याकडे या वर्षी हँडल बदलायला आणि टो बसवायला रांग आहे, नवी बॅट घेणारे जुनीच चालवून घेतायत, आणि त्याने स्वतःचे दर वाढवलेत. सेकंडहँड बॅटाही त्याच्याकडे खूप येऊन पडल्यात, त्यातल्या काही अशोक चौकाकडच्या कारखानदारांच्या पोरांच्या, जेमतेम एक सीझन खेळलेल्या. काश्मीर विलोच्या स्वस्त बॅटांचा भाव हलला नाही, कारण शाळेच्या पोराला बॅट लागतेच. चाळीस हजारांच्या बॅटाही हलल्या नाहीत, तो घेणारा मंदीला विचारून घेत नाही. सूट मिळते ती मधल्या बारा ते अठरा हजारांच्या पट्ट्यात, आणि स्टिकर नीट तपासायचेत तेही तिथेच. घेताना स्टिकरच्या कडेने बोट फिरवा, एजवर पट्टी असेल तर का आहे ते विचारा, सांगितलं नाही तर पुढचं दुकान.

याच मॉडेलच्या अजून दोन बॅटा त्या दुकानात उभ्या आहेत. माझ्या भावाला एक हवीय. मी अकरा हजार म्हणालो, दुकानदार हसला. पाऊस सुरू होऊन मैदानं बंद झाली की परत जाणार आहे.