जुन्या लॅपटॉपसाठी ‘नवे लायसन्स’ विकत घेण्यापूर्वी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित सपोर्ट बंद केला. या बातमीचा आधार घेऊन मुंबईच्या उपनगरातील एका संगणक दुरुस्तीच्या दुकानाने माझ्या थोरल्या बहिणीला जे सांगितले, ते असे : “मॅडम, टेन आता बंद झालं. तुमचं जुनं लायसन्सही त्याच्याबरोबर गेलं. इलेव्हन टाकून देतो, ओरिजिनल लायसन्ससकट.” यातले पहिले वाक्य अर्धे खरे आहे आणि दुसरे साफ खोटे. ताईचे साडेतीन हजार रुपये गेले ते या दुसऱ्या वाक्यापायी. इतरांचे जाऊ नयेत म्हणून हा प्रकार सविस्तर लिहीत आहे.

ताई निवृत्त शिक्षिका आहे. तिचा लॅपटॉप २०१७ साली घेतलेला, सातव्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा. निवृत्तिवेतनाचे खाते पाहणे आणि सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त टाइप करणे एवढेच त्याचे काम. तो सुरू व्हायला फार वेळ लागू लागला, तेव्हा जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी, म्हणजे अधिक वेगवान डिस्क, बसवावी आणि विंडोज नव्याने टाकून घ्यावे, असे ठरले. दुकानदाराने हाती दिलेल्या कच्च्या बिलावर एसएसडी, ‘फॉर्मॅट-इन्स्टॉलेशन’चे ७०० आणि ‘विंडोज ओरिजिनल’चे ३,५०० रुपये अशा तीन ओळी होत्या. न्यायाने सांगायला हवे की एसएसडी खरोखरच नवी निघाली. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये तिच्या वापराचे तास अगदी किरकोळ दिसले.

गोम होती ती तिसऱ्या ओळीत. लॅपटॉप पाहताना मी सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’ आणि त्याखालचे ‘ॲक्टिव्हेशन’ उघडले. तिथे आवृत्ती विंडोज ११ प्रो अशी होती आणि खाली, हे विंडोज तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेद्वारे सक्रिय झाले आहे, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य होते. घरगुती लॅपटॉपवर या वाक्याचे काहीच काम नाही. मोठ्या कंपन्या आणि विद्यापीठे शेकडो संगणक एकदम सक्रिय करण्यासाठी केएमएस नावाची व्यवस्था वापरतात, तिची ही खूण आहे. दुकानदाराने त्या व्यवस्थेची नक्कल करणारे चोरटे टूल चालवले होते. खात्री करण्यासाठी विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबून, उघडलेल्या चौकटीत एस-एल-एम-जी-आर ही अक्षरे सलग, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून एक्स-पी-आर असे टाइप केले. खऱ्या घरगुती लायसन्सवर संगणक कायमचा सक्रिय असल्याचा संदेश येतो. इथे मुदत संपण्याची तारीख आली. केएमएसची मुदत एका वेळी १८० दिवसांची असते आणि ती गुपचूप वाढवत राहणारे कामही टूलने टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत, लावून ठेवले होते.

पैशांपेक्षा गंभीर गोष्ट याच्या पुढची आहे. विंडोज डिफेंडर, म्हणजे विंडोजमधलाच अँटिव्हायरस, असली टूल ओळखतो आणि अडवतो, म्हणून ती चालवणारे आधी त्याचेच हात बांधतात. ताईच्या लॅपटॉपवर डिफेंडरच्या ‘एक्सक्लुजन्स’च्या यादीत, म्हणजे जिथे तपासणी करू नये अशा जागांच्या यादीत, एकच नोंद होती : संपूर्ण सी ड्राइव्ह. ज्या यंत्रावरून एक ज्येष्ठ नागरिक नेट बँकिंग करते, त्याचे दार उघडे टाकून वर राखणदारीचे पैसे घेण्यासारखा हा प्रकार होता. तिचे सगळे पासवर्ड आम्ही त्याच दिवशी दुसऱ्या संगणकावरून बदलले.

आता ‘जुने लायसन्स गेले’ या दाव्याविषयी. सपोर्ट संपणे म्हणजे सुरक्षा-अपडेट थांबणे. लायसन्स त्याने रद्द होत नाही. विंडोज ८पासून, कंपनीने विंडोज घालून विकलेल्या लॅपटॉपमध्ये लायसन्सची किल्ली सहसा मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्येच, म्हणजे डिस्कपासून वेगळ्या, कायमच्या चिपमधील प्रोग्रॅममध्ये, साठवलेली असते. त्यामुळे हार्ड डिस्क बदलली तरी ती जात नाही, आणि तीच आवृत्ती पुन्हा टाकल्यास इंटरनेट मिळताच विंडोज आपोआप सक्रिय होते. आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपांवर ‘होम सिंगल लँग्वेज’ ही घरगुती, एकाच भाषेची आवृत्ती येते, ताईच्याही होती. होमची किल्ली प्रोला लागत नाही. तेव्हा आधी होम असलेल्या लॅपटॉपवर न मागता प्रो आले असेल, तर पहिली शंका तिथेच घ्यावी. शिवाय विंडोज ११ला, मोजके अपवाद सोडल्यास, इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. सातव्या पिढीच्या या लॅपटॉपवर ती तपासणी चुकवून ते घातले होते आणि अशा संगणकांना पुढील अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

जाब विचारल्यावर दुकानदार म्हणाला, “सर, सगळीकडे असंच टाकतात. काही प्रॉब्लेम आला तर फ्रीमध्ये परत करून देईन.” लायसन्स कोठून घेतले त्याची पावती दाखवा, असे म्हटल्यावर मालक बाहेर गेल्याचे सांगण्यात आले. लायसन्स खरेच विकणाऱ्याला त्याची पावती किंवा खरेदीची ईमेल दाखवायला अडचण नसावी. पैसे देण्यापूर्वी गल्ल्यापाशीच ती मागावी आणि वर सांगितलेले ॲक्टिव्हेशनचे पान तिथेच उघडायला लावावे. जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल घेतले तर ‘१८ टक्के जास्त लागतील’ असे ऐकवले जाते, तरीही ते घ्यावे, कारण कच्च्या बिलावर दुकानाचे नावही नसते.

शेवटी माझ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल उतरवून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज १० तयार केले, ताईच्या फायली बाजूला काढून तिची एसएसडी पूर्ण पुसली आणि पुन्हा इन्स्टॉल केले. सेटअपने होम सिंगल लँग्वेज स्वतःच निवडले, किल्ली कुठेही मागितली नाही, आणि घरचा वायफाय जोडताच डिजिटल लायसन्सने सक्रिय झाल्याची ओळ दिसली. त्यानंतर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून, सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवून, वाढीव सुरक्षा-अपडेटच्या योजनेत नाव नोंदवले. या मार्गाने वेगळे पैसे पडत नाहीत आणि १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची सोय होते.

ताईने पैसे यूपीआयने दिले होते, त्यामुळे रक्कम कोणाच्या खात्यात गेली याची नोंद तरी आहे. ती नोंद, बिलाचा फोटो आणि पुसण्यापूर्वी घेतलेले ॲक्टिव्हेशन व एक्सक्लुजन्सच्या पानांचे स्क्रीनशॉट जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकामार्फत तक्रार नोंदवली आहे. दुकानाने अद्याप पैसे परत केलेले नाहीत. दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची ताईची तयारी आहे.