नोकरी सीएसएमटीला की अंबरनाथला?
बदलापूरहून सीएसएमटी ६८ किलोमीटर. लोकलने जाताना साधारण दीड तास, येताना तेवढाच. घर ते स्टेशन रिक्षा वेगळी. दादरला उतरून वेस्टर्न पकडायची असेल तर विचारूच नका. पगार मात्र मुंबईतच बरा, बढतीच्या संधीही तिथंच. पास स्वस्त म्हणून हे परवडतं असं वाटतं. झोप आणि मुलांची संध्याकाळ त्या हिशोबात कुणी धरत नाही.

अंबरनाथ पुढचंच स्टेशन. एमआयडीसी आहे, घरी काही अडलं तर पटकन परतता येतं. पण काम बहुतेक कारखान्यातलं. बँक, विमा, जाहिरातवाल्यांना तिथं फारसं काही नाही.

गोम इथेच आहे. मुंबईचा भार हलका करायला १९७० साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, आली. पुढे बडी कार्यालयं पुन्हा मुंबईतच, वांद्रे-कुर्ला संकुलात एकवटली आणि परवडणारी घरं कर्जत-कसाऱ्याकडे सरकत राहिली. लोकलच्या फेऱ्या वाढवा, जरूर वाढवा. पण कार्यालयं कल्याणपलीकडे आली नाहीत तर त्याही भरतील.

घरी लहान मूल असेल तर थोडा पगार सोडून मी अंबरनाथच घेईन. पंचविशीत, एकटं असताना मुंबई.