ॲपवाला वजनकाटा, 14 महिने वापरून : काटा ठेवलाय, ॲप काढून टाकलं

जरा मोठं लिहितेय, पण पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांनी तरी पूर्ण वाचा. मागच्या वर्षी जानेवारीत हा काचेचा डिजिटल वजनकाटा ऑनलाइन मागवला, 1,199 ला पडला. ब्लूटूथवाला आहे, मोबाईलवर ॲप टाकायचं आणि काट्यावर अनवाणी उभं राहिलं की वजन, चरबी, स्नायू, पाणी, हाडं असं सगळं दाखवतो. पहिला पीस आला त्याचा एक पायच हलत होता, तो बदलून मिळायला 11 दिवस आणि चार फोन लागले, म्हणून एक स्टार तिथेच कापलाय.

वजनाच्या बाबतीत मात्र काटा पक्का आहे. लागोपाठ 3 वेळा उभी राहिले तरी फरक फार तर 100 ग्रॅमचा. गव्हाच्या पिठाची 5 किलोची पिशवी हातात घेऊन उभी राहिले तर बरोबर तेवढंच वाढलं. फक्त त्याला कडक, सपाट फरशी लागते. पहिले आठ दिवस मी बेडरूममध्ये सतरंजीवर ठेवला होता आणि रोज काहीच्या काही आकडे येत होते, मग बाथरूमबाहेरच्या फरशीवर आणला, आता तिथून हलवत नाही. रिमोटचे बारीक सेल लागतात, आत्तापर्यंत एकदाच बदललेत.

आता ॲप. ह्या ॲपमुळे मी महिन्याभरातच सगळं सोडून देणार होते, खरंच. तेव्हा वजन 78.6, वय 48, पाळी मागेपुढे व्हायला लागलेली, पोट वाढलेलं आणि आईला शुगर, त्यामुळे मनात भीती होतीच. पहिल्याच दिवशी ॲप म्हणालं तुमच्या शरीराचं वय 61. रात्रभर झोप नाही लागली मला. नंतर भाच्याने नीट समजावलं की काटा चरबी थेट मोजतच नाही, तळपायातून अगदी हलका करंट सोडतो, त्याला किती अडथळा येतो ते बघतो आणि त्यात उंची, वय, वजन घालून हिशोब मांडतो. अंगात पाणी कमी-जास्त असलं, पाय ओले असले की आकडा बदलतो. माझी चरबी एकाच दिवशी सकाळी 41.2 टक्के आणि संध्याकाळी 39.5! अशा आकड्यावर मी रात्र जागून काढली होती.

आणि तो लाल बाण. वजन कालच्यापेक्षा जरा जरी वाढलं की लाल बाण. महाशिवरात्रीला उपवास केला, दुपारी साबुदाण्याची खिचडी आणि संध्याकाळी रताळ्याचा कीस खाल्ला, दुसऱ्या दिवशी 900 ग्रॅम जास्त. इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी चालायलाच गेले नाही. पण विचार करा, 1 किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी, एका दिवसात तेवढं जास्तीचं कोण खातं? ते होतं मीठ, पाणी आणि पोटातलं अन्न. शरीर जी साखर साठवून ठेवतं ना लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये, ती स्वतःच्या तिप्पट तरी पाणी धरून ठेवते. म्हणून तर डाएट सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात भराभर उतरतं, मग एकदम मंद होतं आणि नेमकं तिथेच आपण म्हणतो की आता ह्या वयात काही होणार नाही. माझ्या दोन मैत्रिणींनी तिथेच सोडलं, मला अजून वाईट वाटतं, कारण त्यांचं काहीच चुकत नव्हतं.

मी ॲप उडवलं. आता फक्त रविवारी वजन, सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, त्याच गाऊनमध्ये. आकडा लिहिते स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, त्या तारखेच्या चौकोनात, जिथे दुधाचे खाडे आणि गॅसची तारीख लिहिते तिथेच. आणि दर 1 तारखेला शिवणाच्या डब्यातल्या टेपने कंबर मोजते, बेंबीच्या लेव्हलला, श्वास सोडून, पोट आत न ओढता.

ह्या टेपने मला वाचवलं. एप्रिल ते जून सलग 7 आठवडे वजन 74 च्या आसपास अडकलं होतं. चालणं चालू, रात्रीचा भात बंद, जेवणात उसळ-अंडी वाढवलेली, हे पण म्हणायला लागले की थायरॉईड तपासून घे (घेतला, नॉर्मल निघाला). पण त्याच काळात कंबर 94 वरून 91 सेंटीमीटर झाली! तेव्हा नुकतेच 3 किलोचे डंबेल सुरू केले होते. पाळी जायच्या काळात चरबी पोटावर जमायला लागते आणि आपल्या भारतीय बायकांसाठी कंबर 80 सेंटीमीटरच्या आत असावी असं डॉक्टर सांगतात, म्हणजे मला ज्याची भीती होती ते खरं तर टेपवरच दिसतं. आता कंबर 88 आहे आणि वजन 69.8. अजून बरंच जायचंय, पण कालनिर्णयचं पान उलटून मागचे महिने बघितले की दुसऱ्या दिवशी बूट घालायला कंटाळा येत नाही.

एक महत्त्वाचं. घरात कोणाला पेसमेकर असेल तर हा करंटवाला काटा त्यांना वापरू देऊ नका, मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय, गरोदर बायकांसाठीही तेच. माझ्या सासूबाईंना पेसमेकर आहे आणि बॉक्सवर बाहेरून कुठेही ही सूचना नाही, ही मला खूप मोठी चूक वाटते, ह्याचा अजून एक स्टार कमी. त्यांचं वजन आम्ही दवाखान्यातच करतो.

एकूण 5 पैकी 3. परत घ्यायचा झाला तर साधा, बिनॲपचा, करंट न सोडणारा काटा घेईन, तो ह्याच्या निम्म्या किमतीत मिळतो, आणि घरात टेप नसेल तर शिवणाच्या सामानाच्या दुकानातून ती पण घेऊन टाका.